भुलेश्वरच्या पांजरपोळापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

मुंबईच्या चर्नी रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे गिरगाव ओलांडले की सी. पी. टँकचा परिसर लागतो. ज्या कावसजी पटेल तलावामुळे या भागास हे नाव मिळाले, तो तलाव कधीच बुजला. नाव मात्र राहिले. येथून भुलेश्वरकडे वळणाऱ्या गल्ल्यांमध्ये पूजेचे साहित्य, फुले, बांगड्या, साड्या, जरीकाम आणि तांब्या-पितळेची भांडी यांची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत. हातगाड्यांना वाट देत, ओझेवाल्यांच्या हाकांना बाजूला होत चालावे लागते. याच गर्दीत एका दारातून आत शिरले, की गवताचा आणि शेणाचा वास येतो, गळ्यातील घंटांचा आवाज कानी पडतो आणि शहराच्या मध्यभागी शेकडो गाई-वासरांचे एक गाव वसलेले दिसते. ही मुंबईची पांजरपोळ.

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली या बाजूंची व्यापारी कुटुंबे कापड अथवा दागिने घेण्यासाठी मुंबईस येतात, तेव्हा मुळजी जेठा मार्केट आणि झवेरी बाजार यांच्याबरोबर भुलेश्वरची फेरीही होतेच. मंदिरात दर्शन घ्यावे, पांजरपोळीत येऊन चाऱ्याची पेंढी विकत घ्यावी, मुलाच्या हाताने ती गाईस भरवावी आणि कार्यालयात जीवदयेची पावती फाडावी, हा क्रम अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पर्युषण पर्वात, वाढदिवसाला अथवा वडिलधाऱ्यांच्या पुण्यतिथीला येथे येणाऱ्यांची संख्या वाढते. परंतु चारा भरवून परतणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. ही संस्था उभी राहण्याचे मूळ कारण गाय नव्हती. ते कारण रस्त्यावरचा बेवारस कुत्रा हे होते.

त्याची हकिकत १८३२ सालची आहे. त्या काळी मुंबई सरकारने उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याची परवानगी शिपायांना दिली होती आणि प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई केवळ पिसाळलेल्या कुत्र्यांवर थांबेनात. घरांच्या दारांतून आणि आवारांतूनही कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. त्या वर्षी ही मुदत जूनपर्यंत वाढविण्यात आली. पारशी धर्मात कुत्र्यास मोठे स्थान आहे. त्यांच्या पवित्र दिवशीच हा संहार सुरू राहिल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात कोटाच्या परिसरात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. त्या हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर समाजांचे व्यापारीही सामील झाले. लष्कराच्या छावणीस जाणारी रसद अडली, सैन्य बोलवावे लागले आणि पुष्कळांना अटक झाली.

दंगलीने प्रश्न सुटला नाही, कारण रस्त्यावरच्या कुत्र्यांचे करायचे काय, हा सरकारचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर बाजारातील महाजनांनी दिले. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी आणि शेठ मोतीशा या नावाने विख्यात असलेल्या मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या जैन व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला. सरकारने जीव घेऊ नये, आम्ही त्यांना आश्रय देतो, अशी ती भूमिका होती. हे तेच मोतीशा शेठ, ज्यांच्या नावाची टूंक शत्रुंजयावर उभी आहे आणि ज्यांनी भायखळ्याचे आदिनाथ मंदिर उभारले. १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने ‘लागा’ बसवून तिचा खर्च उचलला. सरकारी अनुदान नाही आणि सक्तीचा करही नाही. व्यवहार झाला की त्यातील अल्पसा अंश मुक्या जिवाच्या खात्यावर जमा करायचा, अशी ही व्यवस्था होती. आज या आवारात मुख्यत्वे गाईगुरांचे राज्य आहे. परंतु तिचा जन्म ज्याच्यामुळे झाला, त्या जिवाचा प्रश्न दारापलीकडच्या रस्त्यावर तसाच उभा आहे.

मुंबई महानगरपालिकेने २०१४ साली केलेल्या गणनेत शहरातील रस्त्यांवर सुमारे ९५ हजार कुत्री आढळली. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत हा आकडा सुमारे ९० हजारांवर आला. मांजरांची संख्या वेगळीच. एवढ्या जिवांना सामावून घेईल अशी भिंत कोणत्याही पांजरपोळीस बांधता येणार नाही. व्यापारी वर्गास ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत चटकन उमगेल. ज्या गोदामात रोज आवक होते आणि जावक कधीच होत नाही, ते कितीही मोठे असले तरी एक दिवस भरतेच. प्राण्यांच्या निवाऱ्याचे नेमके तेच होते. आलेले प्रत्येक पिल्लू दहा-बारा वर्षे तेथेच राहणार असेल, तर नव्याने येणाऱ्यास जागा उरत नाही. मग एका पिंजऱ्यात चार ऐवजी दहा जीव राहतात, एकाचा आजार सर्वांना जडतो आणि आश्रयाच्या नावाखाली नकळत कोंडवाडा तयार होतो.

या प्रश्नावर संपूर्ण देशाचे लक्ष अलीकडेच वेधले गेले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. देशभर वाद झाला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशन करून कुत्री त्यांच्या मूळ जागी सोडावीत, पिसाळलेल्या अथवा आक्रमक कुत्र्यांना मात्र वेगळे ठेवावे, असे ठरले. इच्छुकांना कुत्री दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येईल आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची राहील, हेही त्या आदेशात आहे. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलविण्याचा आणखी एक आदेश झाला. चावा घेतलेल्या बालकाचे दुःख आणि रेबीजचे भय खरे आहे. त्याकडे डोळेझाक करणारी जीवदया अपुरी ठरेल. १८३२ साली मुंबईच्या बाजाराने ज्या प्रश्नाला तोंड दिले, तोच प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांनी साऱ्या देशापुढे आला आहे.

आवक कोठून होते, हे पाहायचे असेल तर भुलेश्वरहून दक्षिणेकडे पंधरा-वीस मिनिटे चालावे. काळबादेवीचा गजबजाट मागे टाकला की क्रॉफर्ड मार्केटचे मनोरे दिसू लागतात. १८६९ साली सुरू झालेली ही मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. फळे, सुका मेवा आणि मसाले यांच्याबरोबर पाळीव प्राणी-पक्ष्यांच्या दुकानांसाठीही ती अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. एकीकडे जन्मास आलेल्या पिल्लांना घर नाही आणि दुसरीकडे विक्रीसाठी मुद्दाम पिल्ले जन्मास घातली जातात. या विसंगतीची दोन टोके या शहरात इतकी जवळजवळ आहेत. परदेशी जातीचे गुबगुबीत पिल्लू लहान मुलांच्या हट्टाखातर घरी येते. ते मोठे झाले, केस गळू लागले, घराचा ताबा बदलला अथवा औषधपाण्याचा खर्च वाढला, की त्यातील काहींची रवानगी रस्त्यावर होते. त्या रस्त्यावर जगण्याचे शिक्षण त्यास कधी मिळालेले नसते.

येथेच आणखी एका रूढीचा विचार करणे उचित ठरेल. पुण्यप्राप्तीसाठी पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन आकाशात सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हेतू निर्मळ असतो. परंतु बाजाराचा नियम हेतू पाहत नाही, मागणी पाहतो. दहा पक्षी विकले गेले की पारधी दुसऱ्या दिवशी वीस पकडतो आणि पकडताना, वाहून आणताना कित्येक मरतात, त्यांचा हिशेब कोठेच लिहिला जात नाही. पोपटासारखे देशी पक्षी विकणे व पिंजऱ्यात पाळणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाच आहे. खरेदी-विक्री ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी तरी या मागणीपासून दूर राहावे. पिल्लू विकत घेण्याऐवजी निवाऱ्यातून घरी आणले, तर एका जिवास घर मिळते, निवाऱ्यात दुसऱ्यासाठी जागा होते आणि पैदाशीच्या धंद्याचे एक गिऱ्हाईक कमी होते.

क्रॉफर्ड मार्केटवरून फोर्टकडे गेल्यास होमी मोदी मार्गावर टाटा समूहाचे मुख्यालय, बॉम्बे हाऊस, लागते. १९२४ साली बांधलेल्या या इमारतीचे नूतनीकरण होऊन ती २०१८ साली पुन्हा उघडली, तेव्हा तळमजल्यावर परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी एक स्वतंत्र खोली ठेवण्यात आली. कुत्री तेथे येतात, विसावतात, खातात आणि मनास येईल तेव्हा बाहेर जातात. रतन टाटा यांच्या श्वानप्रेमाविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु व्यापाऱ्याने घ्यावा असा बोध त्या खोलीच्या आकारात आहे. साऱ्या शहराच्या कुत्र्यांचा भार त्या इमारतीने घेतलेला नाही. आपल्या पायरीवर जे होते, तेवढ्यांचीच जबाबदारी तिने घेतली. प्रत्येक पेढीने, गाळ्याने, गोदामाने आणि गिरणीने आपापल्या पायरीपुरते एवढे केले, तर किती जिवांची सोय होईल, याचा अंदाज बांधण्यास फारसे गणित लागत नाही.

तेथून उत्तरेकडे परळला गेले की बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाच्या जुन्या इमारती दिसतात. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ साली संस्था स्थापन झाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून हे रुग्णालय उभे राहिले. त्यास त्यांच्या पत्नीचे नाव आहे. १८८६ साली याच परिसरात पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. अशा रुग्णालयांत आणि निवाऱ्यांत येणाऱ्या प्राण्यांत रस्त्यावरचे अपघातग्रस्त कुत्रे असतात, तसेच मालकांनी टाकून दिलेले जातिवंत कुत्रे आणि पर्शियन मांजरेही असतात. पाळलेल्या प्राण्यास उपासमारीच्या स्वाधीन करून सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. कायद्याचा धाक एवढा तोकडा आहे. श्रावकाचारात मात्र या कृत्याची नोंद फार पूर्वीच झालेली आहे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ हा एक अतिचार सांगितला आहे. आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे, असा त्याचा सरळ अर्थ. पाळलेले कुत्रे महामार्गावर सोडून गाडी पुढे नेणे यापेक्षा त्याचे वेगळे उदाहरण काय असू शकेल?

त्याच अतिचारांत ‘बंध’ आहे आणि ‘छेद’ही आहे. बंध म्हणजे जिवास बांधून, कोंडून ठेवणे. आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवणारा निवारा कितीही प्रेमाने चालविला, तरी त्याने या शब्दाचा विचार करावयास हवा. छेद म्हणजे अवयव कापणे. निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेविषयी काही श्रावकांच्या मनात संकोच असतो, तो या शब्दामुळे. हा संकोच थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहावे. कुत्री सहा ते आठ महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदाही विऊ शकते. एका वेळी चार ते सहा पिल्ले होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पश्चिम बंगालमधील एका अभ्यासात रस्त्यावरच्या ९५ विणींमधील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला गेला. त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली. उरलेली वाहनांखाली, उपासाने, रोगाने अथवा माणसांच्या हातून गेली. म्हणजे रस्त्यावर जन्मणाऱ्या पाच पिल्लांपैकी चार पिल्ले वर्ष पुरे होण्याआधीच मरतात. भूल देऊन, कुशल हातांनी, एकदाच केलेली शस्त्रक्रिया आणि दरवर्षी होणारे हे मृत्यू यांतील अधिक हिंसा कोठे आहे, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या गुरुजनांशी चर्चा करून घ्यावा. मुंबईत १९९४ पर्यंत कुत्र्यांना विजेचा धक्का देऊन मारले जात असे. ते थांबले ते निर्बीजीकरणाच्या आधारावरच, हा इतिहासही त्या चर्चेत असावा. आज ज्या रस्त्यावरील कुत्र्याच्या कानाचे टोक किंचित कापलेले दिसते, त्याची शस्त्रक्रिया झालेली असते.

निर्बीजीकरणाविषयी मतभेद राहिले, तरी घर देण्याविषयी मतभेदास जागा नाही. तेथे छेद नाही आणि बंधही नाही. अडचणी आहेत त्या व्यवहाराच्या, आणि त्यांचा खुलासा होऊ शकतो. जैन घरातील पहिला प्रश्न आहाराचा असतो. कुत्रा हा मिश्राहारी प्राणी आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेल्या समतोल शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. कांदा आणि लसूण कुत्र्यास विषासमान आहेत. जैन स्वयंपाकघरातून त्यांना आधीच रजा मिळालेली असते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र त्याच्यापासून दूर ठेवावे. सणावाराच्या मिठाईच्या डब्यांकडे लक्ष असावे. मांजराची गोष्ट निराळी आहे. त्याचे शरीरच मांसाहारासाठी घडलेले असल्याने केवळ शाकाहारावर ठेवल्यास त्याची दृष्टी व हृदय बिघडू शकते. ज्या घरास ते अन्न देणे मान्य नाही, त्या घराने मांजर आणू नये. त्याऐवजी एखाद्या मांजराच्या औषधोपचाराचा खर्च उचलावा. पूर्ण शाकाहारी सोबती हवा असेल, तर ससे आणि गिनीपिग हेही निवाऱ्यांत टाकून दिलेले आढळतात.

घरी आणण्यापूर्वी सर्वांची संमती असावी, विशेषतः ज्यांच्यावर दिवसभराची देखभाल पडणार त्या घरातील स्त्रियांची. कुत्रा दहा ते पंधरा वर्षे जगतो. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी जाईल, मुलाचे लग्न होईल, दुकान दुसरीकडे हलेल, या सर्वांत त्यास स्थान राहील का, हे आधीच ठरवावे. चांगला निवारा पत्त्याचा पुरावा मागतो, घर पाहण्यास येतो, निर्बीजीकरण आणि लसीकरण यांविषयी लेखी हमी घेतो. त्यास अविश्वास समजू नये. पेढीवर उधारी देतानाही चौकशी होतेच. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावी. महापालिकेचा परवाना काढावा. पूर्ण वाढलेल्या देशी कुत्र्यास प्राधान्य दिल्यास अधिक चांगले. पिल्लांना मागणी असते, प्रौढ कुत्री मात्र वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. आपल्या हवामानाची सवय असल्याने त्यांचे आजारही कमी असतात.

ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. घराचा शोध लागेपर्यंत एखाद्या पिल्लास महिना-दोन महिने सांभाळता येते. गोदामाच्या आवारातील कुत्र्यांचे लसीकरण करून घेता येते. समाजाच्या ज्या संस्था गोशाळा आणि पांजरपोळी चालवितात, त्यांच्या विश्वस्तांनी वार्षिक अहवालात ‘किती जीव आले’ याबरोबर ‘किती जिवांना घर मिळाले’ हा दुसरा रकाना जोडावा. रकाना असला की तो भरण्याची धडपड आपोआप सुरू होते, हे वह्या लिहिणाऱ्या समाजास सांगावयास नको.

नव्वद हजार कुत्र्यांना घरे मिळणार नाहीत, हे उघड आहे. परंतु मोतीशा शेठ आणि जमशेटजी यांच्यापुढेही सगळा प्रश्न सोडविण्याची खात्री नव्हती. मारणारा हात थांबविण्यासाठी आपल्या व्यवहारातील थोडा भाग बाजूला काढायचा, एवढेच त्यांनी ठरविले आणि ते निभावले. त्यांनी दिला तो पैसा आणि जागा. आजच्या श्रावकाकडून त्यापुढची एक गोष्ट अपेक्षित आहे, ती म्हणजे स्वतःच्या घरातील एक कोपरा. पुढच्या वेळी भुलेश्वरला गाईस चारा भरवून बाहेर पडताना, दाराशी वेटोळे करून निजलेल्या कुत्र्याकडेही क्षणभर पाहावे. या वास्तूवर पहिला हक्क त्याच्या पूर्वजांचा होता.